मुद्दा सांग, दुःख नको

व्यक्तिस्वातंत्र्यासाठी अख्खं आयुष्य वेचणारी माणसं प्रत्येक तालुक्याच्या वाट्याला येत नाहीत. आमच्या शहाद्याच्या वाट्याला एक आलं होतं. फक्त जेवणानंतर त्याला झोप लागायची, आणि ती कोर्टात लागली तर न्यायाधीश दुसरं प्रकरण आधी पुकारायचे.

सनदेवर त्यांचं नाव भास्कर होतं. गावात ते नाना वकील. घराणं ब्राह्मणपुरीकडच्या एका गावातलं, पपई आणि ऊस लावणारं. भाऊ शेती बघायचे आणि नाना कायदा. आमच्या कॉलनीत त्यांचं घर माझ्या घरापासून दोन घरं सोडून होतं. मी कॉलेजात ग्रंथपाल. नानांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. ‘काय पुस्तकवाले’ म्हणायचे, जणू मी हातगाडी घेऊन फिरत होतो.

नाना चहा अर्धा कप, बिनसाखरेचा घ्यायचे. दारू, तंबाखू, सुपारी काही नाही. लग्नाच्या पंगतीनंतर बडीशेपेची वाटी पुढे आली तरी ते हात मागे घ्यायचे. आणि हाच माणूस वकिलीच्या पहिल्या दिवसापासून सांगत आला होता, की प्रौढ माणसाने गांजा ओढला तर त्याला तुरुंगात घालायचा अधिकार सरकारला नाही. विकणाऱ्याचं काय करायचं ते करा, वाहतूक अडवा, जाहिरात बंद करा. पण ओढणाऱ्याला हात लावू नका. चिडले की ‘सरकार मध्ये कशाला येतं’ हेच अहिराणीत यायचं: “आंग मन्हं, फुप्फुस मन्हं, खोकला मन्हा. सरकार मझार कसाले येस?”

एरवी वाद घालताना ते अहिराणी बोलत नसत. घरी, बाजारात, पक्षकारांशी अहिराणी. वाद सुरू झाला की स्वच्छ पुस्तकी मराठी. अंगावर कोट चढवावा तशी भाषा चढवायचे.

वकिलांच्या खोलीत दुपारच्या चहाला त्यांचा दरबार भरायचा. त्याचे दोन नियम होते. पहिला असा की वादात रडगाणं चालणार नाही. कुणी म्हणालं, “अहो नाना, माझ्या साडूचा पोरगा या नादापायी गेला,” की नाना तळहात उभा धरायचे. “मुद्दा सांग भो, दुःख नको.” त्यांना दुःख कळत नव्हतं असं नाही. वाद संपल्यावर ते त्याच माणसाच्या स्कूटरवर मागे बसून त्या साडूला भेटायला जायचे, तिथे तासभर मान खाली घालून बसायचे, आणि पोराविषयी एक शब्दही काढायचे नाहीत. पण वादात दुःख आणणं त्यांच्या मते सोंगट्या खेळताना पट उलटण्यासारखं होतं.

दुसरा नियम: ज्याला उत्तर सापडलं नाही त्याने उभं राहायचं, ‘मान्य’ म्हणायचं, आणि पुढे तसं वागायचं. हा शेवटचा भाग बाकीचे वकील सोयीस्कर विसरत. नाना विसरत नसत. त्यांचा एकुलता एक मुलगा पंकज तेव्हा कायद्याच्या शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला होता, वडिलांच्या आग्रहाने. एका नव्या वकिलाने नानांना विचारलं, की ओढणाऱ्याचं स्वातंत्र्य तुम्हाला एवढं प्यारं, मग स्वतःच्या मुलाने काय शिकावं हे तुम्ही का ठरवता? नानांनी अर्धा कप चहा पुरा होईपर्यंत विचार केला. मग उठले, ‘मान्य’ म्हणाले, आणि घरी जाऊन पंकजला सांगितलं की तू मोकळा आहेस. पंकजने त्याच आठवड्यात कायद्याची पुस्तकं माझ्या वाचनालयाला भेट दिली आणि तो सुरतेला एका कापडवाल्याच्या ऑफिसात नोकरीला गेला. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत सलग बक्षीस आणणारा पोरगा तिथे साड्यांच्या गठ्ठ्यांची आवकजावक बघू लागला. माई, म्हणजे नानांच्या पत्नी, या प्रसंगाबद्दल एवढंच म्हणायच्या की वकिलांच्या खोलीतला चहा आपल्या घराला महागात पडला.

माईंचीही एक गोष्ट आहे. नानांच्या गावात देशी दारूचं दुकान होतं आणि बायकांनी ते बंद करायला मतदान मागितलं. या मतदानात चिठ्ठीवर दोन बाटल्या असतात. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. नाना स्वतःहून गावात गेले, मारुतीच्या पारावर उभे राहिले आणि बायकांपुढे स्वातंत्र्यावर बोलले. बंदी आली की दारू जात नाही, ती उसात लपते आणि विषारी होते, असं सांगितलं. माणसाने सुधारावं, पण पोलिसाच्या काठीने सुधारलेला माणूस सुधारलेला नसतो, असंही सांगितलं. बायकांनी पदर सावरून शेवटपर्यंत ऐकलं. एकीने त्यांना पाणी दिलं. एक म्हातारी म्हणाली, “नाना, भाषन चांगलं व्हतं. पन तुम्हले मार कोठे बसस?” मग साऱ्या जणी उठून गेल्या आणि मतदानाच्या दिवशी बाटली आडवी झाली. माईंचं नाव गावच्या यादीत होतं. त्याही एस.टी.ने जाऊन मत देऊन आल्या आणि कुठल्या बाटलीला दिलं ते नानांनी विचारलं नाही. ते गुप्त मतदानाचे पुरस्कर्ते होते.

कोर्टात मात्र त्यांना हवं तसं प्रकरण फार उशिरा मिळालं. तोरणमाळच्या घाटावरच्या एका पाड्यावरचा रुमल्या नावाचा पावरा आदिवासी शेतकरी तुरीच्या पिकात गांजाची झाडं लावल्याबद्दल पकडला गेला. नानांनी जामिनाच्या अर्जावर असं भाषण केलं की शिपाईसुद्धा दाराशी थांबला. आदिम समाज, त्याची जीवनपद्धती, त्याच्या शरीरावरची त्याची मालकी. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकलं आणि पंचनामा मागवला. त्यात पोलिसांनी झाडं मुळासकट, ओली, मातीच्या ढेकळांसह वजनाला घातली होती. कायदा फुलोऱ्याचं वजन धरतो, ढेकळाचं नाही. रुमल्याला जामीन मिळाला. स्वातंत्र्याचा उल्लेख आदेशात नव्हता; मातीचा होता.

रुमल्या नंतर नानांच्या घरी आला तेव्हा मी तिथेच होतो. डोंगरातली माणसं कलेक्टरलाही एकेरीत बोलतात, त्यात अनादर नसतो. त्याने विचारलं, “तू तिथं एवढा वेळ काय बोलला?” नानांनी सोपं करून सांगितलं, की तू काय ओढावंस हा तुझा प्रश्न आहे. रुमल्या चक्रावला. “मी नाय ओढत. खोकला येतो. बी व्यापारी देतो, माल पण तोच घरून नेतो. कापूस कोण घाटाखाली वाहणार?” मग त्याने पिशवीतून मोहाच्या दारूची बाटली काढली, अंगणात देवाच्या नावाने थोडी धार सोडली आणि बाटली नानांपुढे धरली. नानांनी हात मागे घेतला. रुमल्याने बाटलीला बूच लावलं.

“तू पीत नाय, तर भांडतो कशाला?”

नाना म्हणाले की हा मुद्दा नाही, प्रश्न आहे. पण त्या दिवशी जेवणानंतर त्यांना झोप लागली नाही, असं माईंनी सांगितलं.

पंकज सुरतेहून परत आला तो नोकरी गेल्यावर. पहिले काही महिने गच्चीवर गांजा ओढायचा. वास आमच्यापर्यंत यायचा. नानांनी त्याला काही म्हटलं नाही. उलट वकिलांच्या खोलीत सांगितलं की माझा मुलगा ओढतो, तो सज्ञान आहे, आणि मी त्याचा बाप आहे, फौजदार नाही. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. घरी जाऊन प्रत्येकाने आपापल्या मुलाची बॅग तपासली असणार.

पण गांजाने जे झालं नाही ते औषधाने झालं. आमच्याकडे झोपेच्या, मन शांत करणाऱ्या गोळ्यांना पोरं ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. चिठ्ठी लागते, पण चिठ्ठी नसली तरी चालेल अशी दुकानं असतात. पंकज आधी एक घ्यायचा, मग मूठ. बोलता बोलता जीभ जड व्हायची, भरल्या ताटावर मान पडायची. नाना याविषयी वकिलांच्या खोलीत बोलेनासे झाले. तिथे त्यांना कुणी विचारलंही नाही, आणि नानांना ते कळलं.

एका सकाळी पंकज पेटती बिडी हातात घेऊन झोपला आणि गादी पेटली. माईंनी बादल्या ओतल्या. त्यांचे दोन्ही हात पोळले. पंकजला जाग आली ती धुराने नाही, पाण्याने.

डॉक्टर म्हणाले, गोळी एकदम तोडली तर झटके येतील; हळूहळू कमी करू, मी मात्रा लिहून देतो, पण तोवर याला बाहेरची एकही गोळी मिळता कामा नये. मिळाली तर जाईल. शहरातल्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवा. नाना एक केंद्र बघून आले. मुंडण केलेली माणसं रांगेत बसून मोठ्याने प्रतिज्ञा म्हणत होती आणि एक जण काठी घेऊन उभा होता. परतल्यावर म्हणाले, “तठे पंकजले टाकाव नही. मी त्याले घरमाच सांभाळसू.”

सांभाळायचं कसं, ते दुसऱ्या दिवशी कळलं. बाजारातले सुतार सलीमभाई भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले. त्यांच्या वडिलांनीच या घराची सगळी दारं केली होती. मागच्या खोलीच्या दाराशी ते कडी हातात धरून उभे राहिले.

“वकीलसाब, ये भायेर से लगाने की?”

“बाहेरून.”

सलीमभाईंनी आणखी काही विचारलं नाही. भोकं पाडली, कडी बसवली, एकदा लावून उघडून पाहिली, आणि पडलेला भुसा स्वतःच गोळा करून नेला. एरवी ते चहा घेतल्याशिवाय जात नसत.

त्यानंतर नानांनी कोर्टात जाणं सोडलं. त्या दाराबाहेर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून ते बसून असायचे. ठरल्या वेळी ठरली गोळी, जेवण, अंघोळ, सगळं स्वतः. मी कॉलेज सुटल्यावर वर्तमानपत्र घेऊन जायचो. नाना दारापाशी तोंड नेऊन बातम्या मोठ्याने वाचायचे. पंकज सुरुवातीला दारावर लाथा मारायचा, शिव्या द्यायचा. पुढे रडायचा. मग शांत झाला. गोळी अर्ध्यावर आली होती. डॉक्टर म्हणाले, आता सगळ्यात जपायचे दिवस आहेत, अंगाची सवय मोडली आहे. आता याने पूर्वीसारखी मूठभर घेतली तर अंग सोसणार नाही. माईंनी हे वाक्य पाठ केलं होतं.

त्या दुपारी मी रविवारची पुरवणी घेऊन गेलो होतो. माई दाराशेजारी भिंतीला टेकून शेंगा सोलत होत्या. नानांनी वाचायला चष्मा लावला, तेवढ्यात आतून आवाज आला. स्वच्छ, जीभ जड नसलेला. आणि पुस्तकी मराठीत.

“नाना, मी सज्ञान आहे?”

नानांनी पुरवणी मिटली. “आहेस.”

“मी कुणाला इजा केली?”

“गादी जाळलीस.”

“गादी माझी होती.”

नानांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मुलगा बऱ्याच महिन्यांनी बोलत होता. “घर?”

“घर तुमचं. आईचे हात पोळले, तो माझा गुन्हा. फिर्याद द्या, मी शिक्षा भोगेन. नाहीतर मला घराबाहेर काढा, तो तुमचा हक्क आहे. कोंडणं हे कुठल्या कलमाखाली?”

“तुझा निर्णय तुझा नाही. गोळीचा आहे.”

“हे सरकारी वकील म्हणायचे. तेव्हा तुम्ही काय उत्तर द्यायचात?”

उत्तर मलाही ठाऊक होतं. सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. आतून पंकजनेच ते म्हटलं, वडिलांच्या लयीत, जिथे ते थांबायचे तिथे थांबून: “प्रत्येक माणसाचा निर्णय कशाचा ना कशाचा असतो. भुकेचा, भीतीचा, बायकोचा. म्हणून माणसाला कोंडत नाहीत.”

माईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. “दार उघडू नका,” त्या म्हणाल्या. “तो मरी जाई.”

“आई, हे दुःख झालं,” आतून आवाज आला. तो उर्मट नव्हता, थकलेला होता. “मुद्दा सांगा, नाना. दुःख नको.”

नाना उठून उभे राहिले. मी त्यांना मोठमोठ्या सरकारी वकिलांपुढे उभं राहिलेलं पाहिलं होतं. उत्तर शोधताना ते अंगठ्याने कोटाचं बटण फिरवत. आता कोट नव्हता. अंगठा बनियनवर फिरत राहिला. माई त्यांच्याकडे बघत होत्या. त्या क्षणी नानांनी नुसतं ‘नही’ म्हटलं असतं तर चाललं असतं. बाप म्हणून म्हटलं असतं, कारण न देता. बाकीचे सगळे बाप तेच करतात आणि त्याला वाद हरणंही म्हणत नाहीत.

“मान्य,” नाना म्हणाले, आणि कडी काढली.

पंकज बाहेर आला. उजेडाने त्याचे डोळे मिटत होते. त्याने स्वयंपाकघरात जाऊन तांब्याभर पाणी प्यायलं, चपला शोधल्या. माईंनी त्याचा हात धरला होता. तो त्याने हळूच सोडवला, पोळलेल्या कातडीला लागणार नाही असा. दाराशी म्हणाला, “येस मी.” येतो म्हणून गेला.

थोड्याच दिवसांनी पुरुषोत्तमनगरच्या बाजूला उसाच्या शेताच्या कडेच्या पाटात तो सापडला. खिशात गोळ्यांची रिकामी पाकिटं होती. पाणी गुडघाभर होतं. पडला की झोपला की त्याने ठरवून केलं, हे कागदावर आलं नाही, आणि नानांनीही कुणाला विचारलं नाही.

लोक भेटायला आले. त्यातले बरेच म्हणाले की नाना फार तत्त्वाचा माणूस. ते ज्या आवाजात म्हणाले त्या आवाजात लोक एखाद्या न चालणाऱ्या पण जुन्या गाडीबद्दल बोलतात. माईंनी नानांना बोल लावला नाही. भाजी कुठली करू, दूधवाला आला का, एवढंच बोलायच्या. सलीमभाई एकदा येऊन विचारून गेले, कडी काढून देऊ का. माई म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या.”

नाना पुन्हा कोर्टात जाऊ लागले, पण वकिलांच्या खोलीत त्यांच्यासमोर कुणी वाद काढेना. सगळे एकमेकांशी सहमत असत. नाना अर्धा कप चहा घेऊन उठायचे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजने व्यसनमुक्ती सप्ताह साजरा केला. प्राचार्यांनी वादविवाद स्पर्धेचे परीक्षक म्हणून नानांना बोलावलं. विषय होता, ‘अमली पदार्थांचं वैयक्तिक सेवन हा गुन्हा नसावा.’ विषय ठरवताना कुणाच्या काही लक्षात आलं नाही, असं प्राचार्य मला नंतर म्हणाले. मी नानांना नाही म्हणा असं सुचवलं. ते म्हणाले, “विषय चांगला शे.”

व्यासपीठावर दीपप्रज्वलन झालं, सरस्वतीला हार झाला, सगळ्यांना उभं करून शपथ दिली गेली. शपथ देणारे प्रमुख पाहुणे आधी मागे जाऊन तोंडातलं थुंकून आले. नानांना शाल आणि नारळ मिळाला.

विरोधात एक मुलगा बोलला. त्याच्या गल्लीतलं कुणीतरी गेलं होतं. बोलता बोलता त्याचा गळा भरून आला आणि सभागृहाने जोरात टाळ्या वाजवल्या. बाजूने एक मुलगी बोलली. शरीर कुणाचं, निर्णय कुणाचा, काठीने सुधारलेला माणूस सुधारलेला असतो का. कुठून तरी ऐकत ऐकत ही वाक्यं तिच्यापर्यंत आली होती. कुणाची, ते तिला माहीत नव्हतं. टाळ्या बेताच्या पडल्या.

निकाल सांगायला नाना ध्वनिक्षेपकापाशी गेले. आवाज येईना म्हणून मागे कुणीतरी यंत्र तपासू लागलं. मग ते अहिराणीत बोलले. व्यासपीठावरून त्यांना अहिराणी बोलताना मी प्रथमच ऐकत होतो.

“मुद्दा पोरीना खरा शे. पहिलं बक्षीस तिले.” पुढे म्हणाले, “माले आजूनबी उत्तर सापडनं नही.”

आणि खाली येऊन बसले. टाळ्या वाजवाव्या की नाही ते लोकांना कळेना. प्राचार्यांनी घाईने आभारप्रदर्शन सुरू केलं. त्यात मंडपवाल्यापासून पाणी देणाऱ्यापर्यंत सगळे आले. ते संपेपर्यंत नाना निघून गेले होते, शाल खुर्चीवरच ठेवून.

ती शाल द्यायला मी दुसऱ्या दिवशी गेलो. पुढचं दार लोटलेलं होतं. नाना मागच्या खोलीबाहेर त्याच प्लॅस्टिकच्या खुर्चीत झोपले होते, चष्मा छातीवर, हात मांडीवर उघडे. त्यांच्यासमोर त्या खोलीचं दार सताड उघडं होतं. कडी खाली लोंबत होती. त्यानंतर महिनाभरात नाना गेले. त्या खुर्चीत मी त्यांना पाहिलं ते हे शेवटचं. उभा राहून मी त्या उघड्या दाराकडे पाहत होतो. वर्षभर एका माणसाने ते दार पुन्हा लावू दिलं नसावं, असं काहीतरी माझ्या मनात जुळत होतं, आणि ते बरंच गंभीर होतं.

माई हात पुसत आल्या. माझी नजर कुठे आहे ते त्यांनी पाहिलं.

“कांदा भरेल शे मझार,” त्या म्हणाल्या. “दार लावं तं सडी जास.”